नाकतोड्यांचं कोड

करंजवाडीतली निम्मी माणसं सगुणाबाईच्या हातांत जन्मली होती, आणि त्याच हातांनी आता गावच्या विहिरीचा दोर शिवायचा नाही असं ठरलं होतं. ठरवलं कुणी? त्या हातांत जन्मलेल्यांनीच. सगुणाबाईच्या अंगाची लाही लाही होत होती ती उगाच नाही.

गाव नाशिकपासून सहा कोसांवर, त्र्यंबकच्या अंगाला, सगळं भाताचं. सगुणाबाई गावची सुईण. वय पंचेचाळिशीचं, आवाज असा की ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारायला तिला जागचं उठावं लागत नसे. तिच्या दोन्ही हातांना कोड होतं. बारा वर्षांपूर्वी उजव्या अंगठ्याशी एक पांढरा ठिपका उठला आणि पसरत पसरत मनगटापर्यंत आला. तेव्हाही बायका कुजबुजल्या होत्या. पण त्याच साली रावजी पाटलाची बायको भागीबाई तीन दिवस अडली, आणि याच ठिपक्याच्या हातांनी तिला सोडवली. पाटलाच्या वाड्यातली कुजबुज थांबली तशी गावातलीही थांबली. लोकांचं असंच असतं, त्यांना पाटलाच्या तोंडाकडे बघून आपलं मत कळतं.

चौतीस सालच्या पावसाळ्यात भातावर नाकतोडे पडले. पडले म्हणजे किती, तर बांधावरून चाललं की दोन्ही बाजूंनी तडतड उडून तोंडावर आपटायचे. नाशिकहून सरकारच्या शेतकी खात्याचा एक कामगार आला, वाल्मीक देवरे नावाचा. पंचविशीतला, बागलाणातला, शेतकऱ्याचाच मुलगा, पण चार बुकं शिकून हॅट घालायला लागलेला. त्यानं मांजरपाटाच्या झोळ्या आणल्या होत्या. वेताच्या कड्याला शिवलेली झोळी हातात धरायची आणि भातावरून सपासप फिरवत चालायचं, म्हणजे नाकतोडे आत पडतात. गावच्या बायकांत हे काम सगुणाबाईला सगळ्यांत छान जमलं. सगळ्यांच्या पुढे ती आणि मागे बाकीच्या, असे पंधरा दिवस चालले.

मग भादव्यात झड लागली, आणि एका सकाळी बायका शेतावर गेल्या तर नाकतोडे उडेनात. जो तो भाताच्या शेंड्याला चढून बसलेला, सहाही पायांनी शेंडा कवटाळून, मेलेला. सांध्यासांध्यांतून पांढरी लव बाहेर आली होती. झटकलं तरी सुटत नव्हते.

वाल्मीकला हे कळलं तेव्हा तो हरखलाच. त्यानं गाव चावडीवर गोळा केलं.

"मंडळी, ही बुरशी आहे," तो म्हणाला. "किड्याच्या अंगात शिरते, आतून त्याला खाते. मरायच्या आधी किडा शेंड्यावर चढतो, म्हणजे वरून ही पांढरी भुकटी खालच्या सगळ्यांवर पडते. आपलं काम आपोआप होणार!"

"बुरशी म्हंजी भाकरीवर येती ती ना?" मागून कुणीतरी विचारलं. "ती तर आम्ही खरडून खातो."

लोक खो खो हसले. शिकलेल्या माणसाला सगळं चालतं, फक्त त्याला हसलेलं चालत नाही. वाल्मीकचे कान लाल झाले.

"मग कोड समजा!" तो म्हणाला. "कोड! नाकतोड्यांना कोड फुटलंय, आणि ते एकाचं दुसऱ्याला लागतंय. लागलं की मेलाच. आता झोळ्या बंद करा. रोगट किडे पकडू नका, त्यांना शेतात राहू द्या."

आता लोकांना समजलं. चांगलंच समजलं. गावकीचं काम करणाऱ्या भिकानं हलगी घेतली आणि गावभर दवंडी दिली, "ऐका होऽ ऐका! नाकतोड्यांना कोड झालं हाय! एकाचं दुसऱ्याला लागतंय! झोळ्या बंद होऽ!" वाल्मीक सायकलीवर टांग मारून नाशिकला गेला, आपण काय करून ठेवलं याचा त्याला पत्ताही नव्हता.

दोन दिवसांत विहिरीवर सगळा हिशोब लागला. कोड एकाचं दुसऱ्याला लागतं, हे आता सरकारी माणसानं सांगितलं होतं. नाकतोड्यांना ते कुणाचं लागलं? झोळी सगळ्यांत जास्त कुणी धरली होती? मग नाकतोड्यांवरून भातावर, भातावरून माणसावर यायला कितीसा वेळ? एकाच्या अंगाला खाज सुटली. दुसऱ्यानं सांगितलं की कालपासून मला सारखं माळ्यावर चढावंसं वाटतंय. त्याला लहानपणापासून माळ्यावर चढून झोपा काढायचीच सवय होती, पण ते कुणाला आठवलं नाही. आणि गंमत बघा, नाकतोडे मेल्यानं गावाचं भात वाचलं होतं. ते सगुणाबाईमुळेच मेले म्हणायचं, तर तिला साडीचोळी करायला हवी होती. ती नाही कुणी केली.

विहिरीचं तिनं गिळलं असतं. तिचा नवरा धोंडीराम ओढ्यावरून पाणी आणायला लागला, "जाऊ दे, चार दिसांनी इसरत्याल," म्हणाला. पण चार दिवस थांबायला सवड नव्हती. पाटलाची सून नवसा नववा महिना भरून बसली होती. पहिलटकरीण, आणि पोटात मूल आडवं. सगुणाबाई दर तिसऱ्या दिवशी जाऊन तेलाच्या हातानं हळूहळू मूल फिरवत होती. अर्धं फिरलं होतं, डोकं खाली यायचं राहिलं होतं. आडवं मूल तसंच राहिलं तर आईही जाते आणि मूलही, हे तिनं डोळ्यांनी दोनदा पाहिलं होतं.

ती तेलाची वाटी घेऊन गेली तर भागीबाई दारातच आडवी आली.

"सगुणा, आता नको येऊस."

"का?"

"तुला ठावं हाय का ते."

"भागीबाई, पोर आडवं हाय अजून. सून मरंल तुझी."

"देवाच्या मनात असंल ते व्हईल. पण पोटातल्या जिवाला कोड लागलं तर जल्मभर कोण निस्तरील?"

"तुला सोडवली तवा लागलं व्हय कोड? ह्याच हातानं सोडवली. दाव की कुठं लागलं ते!"

"तवा कुठं ठावं हुतं ते लागतं म्हून," भागीबाई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आतून नवसाचा आवाज आला, "आत्या, येऊ द्या हो त्यांना." मग तोही बंद झाला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सगुणाबाई नाशिकच्या वाटेला लागली. धोंडीरामानं विचारलं, तिथं जाऊन काय करणार? ती म्हणाली, "ज्यानं सबुद टाकला, त्यालाच तो उचलाया लावते."

नाशकात तिच्या ओळखीचं एकच माणूस होतं, खातूनबी मण्यारीण. वर्षातून दोनदा खातूनबी बांगड्यांची पेटी घेऊन करंजवाडीत यायची. बांगडी भरायची म्हणजे हात धरावाच लागतो, दाबावा लागतो, अंगठा मुडपावा लागतो. बारा वर्षांत खातूनबीनं सगुणाबाईचा हात धरताना कधी पापणी लववली नव्हती. दूधबाजाराजवळ तिचं दुकान होतं. सगुणाबाईनं सगळं सांगितलं, तशी खातूनबी कपाळावर हात मारून म्हणाली, "या अल्ला! मंग माझे हात तर कवाच पांढरे व्हायला पायजेत. गावोगावचे हजार हात धरलेत मी." आणि दुकान मुलीवर टाकून ती स्वतः पत्ता विचारत विचारत तिला वाल्मीकच्या खोलीवर घेऊन गेली.

वाल्मीक डबीतल्या नाकतोड्यांवर भिंग धरून बसला होता. सगुणाबाईला त्यानं ओळखलं.

"काय बाई, नाकतोडे मेले ना सगळे?"

"नाकतोडे मेले. आता मानसं मरायची पाळी आलीया," सगुणाबाई म्हणाली, आणि उभ्या उभ्या त्याला सगळं सुनावलं.

तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. "पण बाई, मी रोगाला नाव दिलं. तुमचं नाव तर घेतलं नाही."

"माजंच नाव घेतलं तुमी. गावात दुसऱ्या कुणाला हाय कोड? बुरशीवर लोक हसले, म्हून तुमी माजं दुखणं उचललं आन् किड्याला लावलं. आता तुमीच येऊन सांगा, किड्याचं मानसाला व्हत न्हाय. आज. पोरगीचे दिस भरल्यात."

वाल्मीक वाईट माणूस नव्हता. तेच तर जास्त चीड आणणारं होतं, वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं तरी होता येतं. त्यानं मुकाट्यानं हॅट घेतली. त्र्यंबकच्या मोटारीनं दोघं फाट्यापर्यंत आली आणि तिथून चिखल तुडवत गावात.

पुन्हा चावडीवर गाव जमलं. या वेळी वाल्मीकनं शेंड्यासकट मेलेले चार नाकतोडे आणले होते. त्यानं शर्टाची बाही वर केली, एक नाकतोडा बोटांनी चुरडला आणि ती पांढरी भुकटी आपल्या उघड्या हातावर कोपरापर्यंत चोळली. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"बघा," तो म्हणाला. "गेलं वर्षभर मी हे किडे हाताळतोय. ही बुरशी किड्याच्या अंगातली. माणसाच्या अंगात ती वाढत नाही, आपलं रक्त तिला मानवत नाही. माणसाला ती झाल्याचं मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही."

"पुस्तकात नाय म्हून व्हनारच नाय का?" रावजी पाटलानं विचारलं. प्रश्न शहाणा होता, उगाच नावं कशाला ठेवा.

"पुढच्या हजार वर्षांचं मी सांगू शकत नाही, पाटील. पण धोका वाटत असता तर मी ही अंगाला चोळली असती का?"

हे लोकांना पटलं. माणसानं स्वतःच्या अंगाला लावून दाखवलं म्हटल्यावर बोलायला जागा राहत नाही. माळ्यावाल्यानंही सांगितलं की आता मला तसं वाटत नाही. सगुणाबाईचा जीव भांड्यात पडला. ती लगबगीनं घरात गेली आणि साहेबाला हात धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन आली.

वाल्मीकनं हात पुढे केला. मग त्याची नजर तांब्याभोवतीच्या पांढऱ्या बोटांवर गेली, आणि हात होता तिथंच थांबला.

"खाली ठेवा बाई," तो म्हणाला. "मी घेतो."

सगळ्या गावानं ते पाहिलं. भागीबाईनं तर पाहिलंच. शेजारणीला ती म्हणाली, हळू नव्हे, चांगलं ऐकू जाईल असं, "बघितलं? किड्याला हात लावला, हिच्या तांब्याला नाय लावला. शिकलेला हाय त्यो. त्याला ठावं."

सगुणाबाईच्या डोळ्यांसमोर लाल झालं. सहा कोस चालून ती कुणाला घेऊन आली होती? मेलेल्या किड्यांचं त्यानं सगळं निस्तरलं होतं, त्यांच्यावर आता कुणाचा राग नव्हता, त्यांची कुणाला भीती नव्हती. तिनं हातातल्या तांब्यातलं सगळं पाणी वाल्मीकच्या बुटांवर ओतलं. तिच्या तोंडातून शब्द फुटायच्या आतच वाड्यातून मोलकरीण धावत आली. नवसाला कळा लागल्या होत्या.

भागीबाई पळत वाड्यात गेली आणि घटकाभरानं पळतच परत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातात एक झोळी होती, नाकतोड्यांचीच, कड्यापासून फाडलेली.

"सगुणा, चल. हात आलाय म्हणती मोलकरीण पोराचा, वाटंवर लागतोय. पर ह्ये गुंडाळ हाताला. दोन्ही हाताला. मंग चल."

"फडकं गुंडाळून?"

"एवढं ऐक माजं."

"अगं, बोटानं बघायचं असतं आत! फडक्याला काय कळतं, डोकं कुठं नि पाय कुठं?" सगुणाबाईनं झोळी हिसकावली आणि चिखलात फेकली. "मी येते ती अशीच. ह्या हातानं. नको असंल तर आत्ता बोल, म्हंजी मी घरी जाऊन भाकऱ्या थापते."

भागीबाई वाटेतून बाजूला सरली. सगुणाबाई तिला मागे टाकून वाड्यात गेली.

पाणमोट अजून शाबूत होती, पोराचा हात तिच्या आतच होता, एवढंच नशीब. नवसा घामानं निथळत होती. सगुणाबाईनं हाताला गोडं तेल लावलं आणि पोटावर ठेवला. मूल आडवंच होतं, हट्टाला पेटल्यासारखं. "तू पन गावासारखाच हाईस का रं," ती पोटाशी बोलली आणि नवसा त्या वेदनेतही हसली. एक कळ गेली की दाबायचं, कळ आली की सोडायचं. तळहातानं डोकं खाली लोटायचं, दुसऱ्या हातानं बूड वर. सगुणाबाईचे दंड भरून आले. बाहेर दोनदा कुणीतरी हाक मारली, तिनं ओ दिली नाही. आणि मग एकदाचं मूल तिच्या हातांखाली वळलं, सावकाश, झोपेत कूस बदलावी तसं.

दिवस मावळायच्या आत ते जन्मलं. मुलगा. ओरडलाही लगेच, चांगला खणखणीत.

पण त्याच्या आधी भागीबाई ओरडली. मुलाच्या पाठीवर, काखेत, मांड्यांच्या घड्यांत पांढरा थर होता. "कोड! अगं बाई, लागलं! पोराला लागलं!"

पाच लेकरं झालेली बाई ही. पाचही वेळा हा थर तिनं पाहिला होता, पाचही वेळा तो तिच्या डोळ्यांदेखत पुसला गेला होता. पण भीती एकदा डोक्यात शिरली की डोळे फुटतात. सगुणाबाईनं अंगठा मुलाच्या पाठीवरून ओढला. थर निघाला, खाली गुलाबी कातडी.

"पोटातलं लोनी हाय हे," ती दातओठ खात म्हणाली. "तुज्या पाची पोरांच्या अंगावर हुतं. तुज्या अंगावर बी हुतं. थू तुज्या जिनगानीवर, भागीबाई!"

नाळ कापून, मूल पुसून, धडुत्यात गुंडाळून ती ओट्यावर आली. ओट्याखाली वाल्मीक ओल्या बुटांनी उभा होता. तो गेला नव्हता. का गेला नव्हता, ते त्याचं त्यालाच माहीत. सगुणाबाई सरळ त्याच्यासमोर गेली.

"धरा."

"मी?"

"तुमी. ह्याला म्या आतून भाईर काढलं. ह्या हातांनी. आता तुमी घ्या त्याला, माज्या हातातनं. खाली नाय ठेवनार मी."

रावजी पाटील बघत होता, दारातून भागीबाई बघत होती. वाल्मीकनं हात पुढे केले. मूल इतकं लहान होतं की तिचे हात वगळून ते घेणं शक्यच नव्हतं. त्याची बोटं तिच्या बोटांखाली गेली, आणि तिनं मुद्दाम चार श्वास आपले हात तसेच ठेवले. मग सोडले.

"मान सांभाळा," ती म्हणाली.

"माझं चुकलं, बाई," वाल्मीक म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. सगुणाबाईला त्या डोळ्यांचं काही करायचं नव्हतं.

"चुकलंच. सबुद दवंडीनं गेला, दवंडीनंच माघारी यायला पायजे."

भिकाला बोलावणं गेलं. वाल्मीकनं काय म्हणायचं ते त्याला दोनदा समजावलं. सगुणाबाई परसात हात धूत होती तेव्हा हलगी वाजली. भिकाची तिन्ही मुलं तिच्याच हातची. त्याच्या मनात तिच्याबद्दल माया होती, आणि मायेनं माणसाचं डोकं चालेनासं होतं.

"ऐका होऽ ऐका!" भिका ओरडला. "नाकतोड्यांना झाली ती बुरशी हाय, कोड नाय होऽ! आपल्या सगुणाबाईला बी कोड नाय होऽ! काईच नाय!"

"थांब रं भिका!"

हलगी थांबली. सगुणाबाई तशीच ओल्या हातांनी रस्त्यावर आली होती, पदर कमरेला खोचलेला.

"कोन म्हनलं मला कोड नाय?"

"बाई, म्या तुमच्या चांगल्यासाठीच..."

"मला कोड हाय. बारा वर्सं झाली, हाय. ते कुनाला लागत नाय. असं म्हन."

भिकानं वाल्मीककडे पाहिलं. वाल्मीक मूल छातीशी धरून उभा होता. "त्या म्हणतात तसंच म्हण," तो म्हणाला. "तसंच्या तसं."

मग सगुणाबाई भिकाच्या पुढे चालायला लागली, दोन्ही पांढरे हात खांद्यांच्या वर धरून, आणि भिका मागून ओरडत राहिला, "सगुणाबाईला कोड हाय होऽ! ते कुनाला लागत नाय होऽ!" दारोदारी लोक बाहेर आले. कुणी मान खाली घातली, कुणी नाही घातली. सगळी गल्ली फिरून ती परत पाटलाच्या वाड्यापाशी आली तेव्हा भागीबाई दारातच होती. तिथं सगुणाबाई थांबली, आणि भिकाला ते पुन्हा दोनदा म्हणायला लावलं.